काविळीचा वारसा आणि रोजची एक गोळी

कावीळ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत इतका परिचयाचा आहे की त्याची धास्ती फारशी कोणाला उरलेली नाही. डोळे पिवळे दिसू लागले की कोणी गळ्यात माळ घालते, कोणी नाकात झाडपाल्याचे थेंब सोडते, घरात पथ्यपाणी सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांत रुग्ण हिंडू-फिरू लागतो. श्रेय माळेला मिळते. वस्तुतः दूषित पाण्यातून व अन्नातून होणारी कावीळ, म्हणजेच हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांमध्ये आपली आपणच बरी होते. माळ नसती तरी रुग्ण बराच झाला असता. या समजुतीचा खरा तोटा निराळाच आहे. कावीळ याच नावाखाली वावरणारा, पण स्वभावाने अगदी भिन्न असलेला दुसरा एक रोग तिच्यामुळे दृष्टीआड राहतो. तो म्हणजे हिपॅटायटिस बी.

या रोगाचा विषाणू रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. ज्यांच्या शरीरात तो सहा महिन्यांहून अधिक काळ टिकतो, त्यांचा आजार दीर्घकालीन मानला जातो. अशा माणसाचे डोळे पिवळे होतीलच असे नाही. तो वीस-तीस वर्षे शेतात राबतो, संसार करतो, त्याला काहीही जाणवत नाही. दरम्यान यकृत हळूहळू कठीण होत जाते आणि एके दिवशी पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते किंवा यकृताचा कर्करोगच समोर येतो. मग गाव म्हणते, ‘दारूने गेला.’ ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्याच्याही वाट्याला हा शिक्का येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख लोक या रोगाने दगावले. भारतातील बाधितांचा अंदाज जवळजवळ ३ कोटींचा आहे. याच अहवालातील दुसरी दोन आकडेवारी अधिक अस्वस्थ करणारी आहे. जगातील बाधितांपैकी जेमतेम १३ टक्क्यांचे निदान झाले होते आणि केवळ ३ टक्के लोक उपचार घेत होते. औषध अस्तित्वात आहे, ते स्वस्त आहे, आपल्याच देशात तयार होते. तरीही ते घरात पोहोचत नाही. असे का होते, आणि विशेषतः ज्या घरांत या रोगाने आधीच बळी घेतले आहेत त्यांनी काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एकाच घरात अनेक रुग्ण का?

विषाणूचा शोध अमेरिकन शास्त्रज्ञ बारुख ब्लुमबर्ग यांनी १९६५ साली लावला. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. पुढील संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली: संसर्ग कोणत्या वयात होतो यावर सारे अवलंबून आहे. प्रौढ वयात संसर्ग झाला तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जण त्यातून मुक्त होतात. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झाला तर मात्र शंभरातील सुमारे नव्वद बालकांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो.

म्हणूनच हा रोग घराण्यात उतरतो. आईला बाधा असेल आणि तिला ते ठाऊक नसेल, तर तिची चार लेकरे तोच विषाणू घेऊन वाढण्याचा संभव असतो. याखेरीज घरातल्या घरातही संसर्ग होतो. एकच दाढीचे पाते, एकच दात घासण्याचा ब्रश, उघडी जखम एवढे निमित्त पुरते, कारण हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. पती-पत्नीच्या संबंधांतूनही तो पसरतो. परंतु एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, मुलाला अंगावर पाजल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगावयास हवे.

अशा घरातील थोरला भाऊ पंचेचाळिशीत जलोदराने जातो, काही वर्षांनी बहिणीला यकृताचा कर्करोग होतो, आणि धाकटा आपली पाळी कधी येणार या भीतीत जगतो. कोणी म्हणते घराण्याला शाप आहे. प्रत्यक्षात या भावंडांना बाधा जन्मापासूनची असल्याने त्यांच्या यकृताला इजा सोसावी लागलेली वर्षेच अधिक असतात. त्यात आनुवंशिक घटक आणि समान राहणीमान यांची भर पडते. दारू, मधुमेह, लठ्ठपणा, तसेच बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतून व मक्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, या साऱ्यांमुळे धोका वाढत जातो. ज्या बाधित व्यक्तीच्या जवळच्या नात्यात यकृताचा कर्करोग होऊन गेला आहे, तिला तो होण्याची शक्यता इतर बाधितांहून अधिक असते. शिवाय हिपॅटायटिस बीमध्ये यकृत कठीण होण्याआधीच कर्करोग उद्भवू शकतो.

घराबाहेरचे मार्गही विसरून चालणार नाही. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे शेकडो लोकांना बाधा झाली आणि ऐंशीहून अधिक लोक दगावले. त्याआधी देशभर झालेल्या एका पाहणीत सुमारे ६३ टक्के इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. ‘सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही’ या आपल्या आग्रहाची ही किंमत आहे. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणातील अपघातानंतर मुंबईत त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले आणि त्यातील एका रक्तातून हा विषाणू त्यांच्या शरीरात आला. अनेक वर्षांनी तपासणीत तो उघडकीस आला, तेव्हा यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण-पूर्व आशियातील हिपॅटायटिसविषयक कार्यासाठी त्यांची सदिच्छादूत म्हणून नेमणूक केली. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असणाऱ्या माणसालाही जे इतकी वर्षे कळले नाही, ते मिरजगावच्या मजुराला आपोआप कसे कळावे?

गोळी काय करते आणि काय करीत नाही

या रोगावरील उपचारांचा इतिहास फार जुना नाही. १९९८ च्या सुमारास लॅमिव्ह्युडिन हे तोंडावाटे घेण्याचे औषध आले. २००४ साली तैवानमधील डॉ. लियाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत कठीण झालेल्या वा होत चाललेल्या ६५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध न मिळालेल्यांपैकी १७.७ टक्के रुग्णांचा आजार बळावला, तर औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.८ टक्के राहिले. हिताचा कौल इतका स्पष्ट होता की तो अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. मात्र लॅमिव्ह्युडिनला विषाणू लवकर सरावतो, ही त्याची मोठी उणीव होती. २००५ साली एन्टेकॅव्हिर आणि २००८ साली टेनोफोव्हिर या रोगासाठी मान्य झाले आणि ही अडचण बहुतांशी दूर झाली.

दीर्घ उपचारांचे मोल एका आकड्यावरून ध्यानात येईल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षे टेनोफोव्हिर घेतलेल्या ज्या ९६ रुग्णांना सुरुवातीला सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत पूर्णपणे कठीण होण्याचा विकार होता, त्यांपैकी ७४ टक्क्यांचे यकृत त्या अवस्थेतून मागे आले. कठीण झालेले यकृत पुन्हा सुधारू शकते, ही गोष्ट एके काळी डॉक्टरांनाही अशक्य वाटत असे.

पण गोळीची मर्यादाही समजून घ्यावयास हवी. विषाणू आपला एक मूळ आराखडा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात लपवून ठेवतो. गोळी विषाणूची वाढ रोखते, तो आराखडा मात्र नष्ट करीत नाही. त्यामुळे रक्तातून विषाणूची खूण पूर्णपणे नाहीशी होण्याचे भाग्य वर्षाला शंभरात सुमारे एकालाच लाभते. बहुतेकांना ही गोळी वर्षानुवर्षे, कित्येकदा आयुष्यभर घ्यावी लागते. अहवाल चांगले आले म्हणून ती मनाने बंद केली तर दबलेला विषाणू उसळी मारतो आणि प्रसंगी यकृत अचानक निकामी होऊन मृत्यू ओढवतो. अर्धवट घेतलेला उपचार धोकादायक ठरू शकतो, तो या अर्थाने. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांनी अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी लागते. कर्करोगाचा धोका गोळीने घटतो, पण शून्य होत नाही. म्हणून जास्त धोका असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करीत राहणे आवश्यक असते.

किमतीचा प्रश्नही एका निर्णयाने सोपा झाला. २००९ साली भारतीय पेटंट कार्यालयाने टेनोफोव्हिरवरील पेटंटचे अर्ज फेटाळले. मुंबईची सिप्ला कंपनी आणि एचआयव्हीबाधितांच्या संघटना त्या अर्जांविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. आज जगाच्या बाजारात हे औषध महिन्याला अडीच डॉलरहूनही कमी किमतीत, म्हणजे साधारण दोनशे रुपयांत मिळू शकते.

बदललेले निकष

पूर्वी सर्वच बाधितांना औषध दिले जात नसे, आजही दिले जात नाही. २०१५ च्या जागतिक मार्गदर्शनानुसार सिऱ्हॉसिस झालेल्यांना तत्काळ उपचार द्यावयाचे होते. इतरांच्या बाबतीत वय तिशीपुढचे असणे, एएलटी या यकृताच्या तपासणीचा आकडा सतत वाढलेला असणे आणि रक्तात विषाणूंची संख्या मिलिलिटरमागे २०,००० एककांहून अधिक असणे, असे निकष होते. ज्याचे आकडे यात बसत नसत, त्याला ‘तपासणी करीत राहा’ एवढाच सल्ला मिळे. खेड्यातील माणूस असा सल्ला ऐकून घरी जातो आणि बहुधा परत येत नाही.

मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे दार बरेच रुंद केले. विषाणूंच्या संख्येची अट, एएलटी वाढलेले असल्यास, २,००० एककांवर आणली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाधित व्यक्तीच्या कुटुंबात यकृताचा कर्करोग किंवा सिऱ्हॉसिस होऊन गेला असेल, तर रक्ताचे आकडे काहीही असले तरी तिला उपचार देता येतील, असे सुचविले. मधुमेह, एचआयव्ही यांसारखे आजार सोबत असणाऱ्यांनाही हेच लागू केले. ही शिफारस प्रौढांप्रमाणेच बारा वर्षांवरील मुलांसाठीही आहे. घराण्याचा इतिहास हा आता उपचाराचा एक निकष बनला आहे. थोरल्या भावाचा मृत्यू हा धाकट्याच्या केसपेपरवर नोंदविण्याजोगा वैद्यकीय पुरावा ठरतो.

या विस्ताराविषयी सर्वच तज्ज्ञांचे एकमत आहे असे नाही. जे कदाचित कधीच आजारी पडणार नाहीत, त्यांनाही आयुष्यभराच्या औषधात गुंतवावे का, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. परंतु ज्या घरात आधीच एक-दोन मृत्यू झालेले आहेत, तेथे वाट पाहण्याची किंमत आणि एका सुरक्षित, स्वस्त गोळीचा भार यांची तुलना केली, तर तराजू कोणीकडे झुकतो हे सांगणे कठीण नाही. अंतिम निर्णय अर्थातच तज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून घ्यावयाचा आहे.

मिरजगावातून पाहिले तर

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील बाजारपेठेचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण पन्नास किलोमीटरांच्या पलीकडे. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर विनामूल्य आहेत. कागदावर हा अत्यंत स्तुत्य कार्यक्रम आहे. प्रश्न आहे तो केंद्र आणि घर यांमधील अंतराचा.

रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि प्रवासभाडे सोडावे लागते. तपासणीसाठी एकदा, अहवालासाठी दुसऱ्यांदा आणि मग दरमहा औषधासाठी. औषध विनामूल्य असले तरी ते आणणे विनामूल्य नाही. त्यात या दुष्काळी पट्ट्यातील ऊसतोडीचे वास्तव आहे. पाथर्डी, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी भागातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या गोळीत खंड पडू द्यावयाचा नाही, ती त्या पाच-सहा महिन्यांत फडावर कोण पोहोचविणार?

उत्तर आपल्याच देशात सापडते. १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार सुरू झाले, तेव्हा ते मोजक्या केंद्रांवर मिळत. हळूहळू उपकेंद्रे निघाली, समुपदेशक नेमले गेले, प्रकृती स्थिर असलेल्यांना एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे देण्याची पद्धत आली. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला लागते तेच टेनोफोव्हिर एचआयव्हीच्या गोळीतही असते. एका रोगासाठी जी व्यवस्था उभी राहिली, ती दुसऱ्यासाठी का वापरता येऊ नये? विषाणूंची संख्या मोजण्याचेही तसेच आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी तालुक्यांपर्यंत पोहोचली आहेत आणि हिपॅटायटिस बीची तपासणीही त्यांवर करता येते. नव्या इमारती बांधण्याची गरज नाही. असलेल्या यंत्राला आणखी एक काम देण्याची आणि ऊसतोडीला निघणाऱ्या रुग्णाच्या हाती संपूर्ण हंगामाची औषधे ठेवण्याची गरज आहे.

न बोललेली भीती

तरीही सारा दोष अंतरावर टाकता येणार नाही. दवाखाना शेजारी असूनही तपासणी टाळणारे पुष्कळ आहेत. मुलीचे लग्न मोडेल, आखाती देशांतील नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत मुलगा नापास होईल, परिचारिकेच्या अभ्यासक्रमात अडचण येईल, अशा शंकांनी माणसे गप्प राहतात. ही भीती निराधार नाही. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ साली झाला, पण हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही.

या भीतीवर लपविणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण लपविल्याने नेमका त्या व्यक्तीचा घात होतो जिच्याशी आपण आयुष्य जोडणार आहोत. वास्तविक येथे मार्ग अगदी सोपा आहे. जोडीदाराला लसीचे तीन डोस दिले आणि संरक्षण आल्याची रक्ततपासणीने खात्री करून घेतली, तर विवाहात वैद्यकीय आडकाठी राहत नाही. बाधित स्त्री निरोगी बाळाला जन्म देऊ शकते. त्यासाठी गरोदरपणात तपासणी, आवश्यक तेव्हा टेनोफोव्हिर आणि जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला लस, एवढे कटाक्षाने पाळावे लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४ टक्क्यांहून अधिक प्रसूती दवाखान्यात होतात. तेव्हा पहिल्या दिवसाचा हा डोस चुकण्यास फारसे कारण उरत नाही. बाळंतिणीच्या घरच्यांनी त्याची चौकशी मात्र केली पाहिजे.

मोठ्यांची स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात बालकांच्या नियमित लसीकरणात ही लस २००७–०८ च्या सुमारास आली. म्हणजे आज जे विशीच्या पुढे आहेत, त्यांपैकी बहुतेकांना ती सरकारी कार्यक्रमातून मिळालेली नाही. आईवडील, काका, आत्या, मोठी भावंडे हे सारे त्या भिंतीच्या बाहेर राहिलेले आहेत.

आपण काय करावे?

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरात कोणी यकृताच्या कर्करोगाने, पोटात पाणी होऊन किंवा ‘मोठ्या काविळीने’ गेले असेल, तर त्या घरातील प्रत्येकाने एकदा एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. एकाने करून भागणार नाही. भावंडे, मुले, जोडीदार, सर्वांनी एकत्र जावे. एकत्र गेल्याने कोणा एकावर बोट राहत नाही. बाधा नसेल आणि पूर्वी होऊन गेल्याचीही खूण नसेल, त्यांनी लस घ्यावी. बाधा असेल, त्यांनी डॉक्टरांना घराण्याचा इतिहास न विचारताही सांगावा आणि उपचार आपल्याला लागू होतात का हे स्पष्ट विचारावे. गोळी सुरू झाली की ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय थांबवू नये. दारू पूर्ण सोडावी. माळ घालावयाचीच असेल तर घालावी, पण तपासणी चुकवू नये.

धर्मग्रामाच्या पातळीवरही काही गोष्टी शक्य आहेत. विवाहपूर्व शिबिरांत रक्तगटाबरोबर या तपासणीची माहिती देता येईल. आपल्या परिचारिका भगिनी आणि महिला मंडळे गावच्या आशा सेविकेच्या सोबतीने घरोघरी हा विषय काढू शकतील. युवकांचा एखादा गट आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन चार-पाच रुग्णांची औषधे, रुग्णालयाच्या अनुमतीने, एकत्र आणू शकेल. आणि जेथे औषध संपल्याचे सांगून रुग्णास परत पाठविले जाते, तेथे ग्रामसभेत ठराव मांडून त्याची लेखी विचारणा करता येईल. मोफत औषध ही दया नसून नागरिकाचा हक्क आहे.

आजारी माणसाला भेटावयास जाणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते आणि ते आहेच. परंतु या रोगात आजारी दिसणाऱ्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, काळजी त्याच्या उशाशी बसलेल्या धडधाकट भावाची करावी लागते. अंत्यविधीला सारे घर जमते, तेव्हा त्यातील किती जणांच्या रक्तात तोच विषाणू आहे हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न विचारण्याची वेळ तीच आहे, आणि महिना उलटण्याच्या आत दवाखान्यात जाण्याचीही.